आठव्या महिन्याचे बाळ आणि त्याचा श्वास



या सदरातून आम्ही आपल्याशी बेणेमळा, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त, ठिबक अशा विषयांवर बोलत असतो. या अंकासाठीही पाचट कुजविण्यावर लेख तयार होता. तो पुढील अंकी येईल. या वेळी विषय निराळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने लहान बाळांच्या श्वासावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण आमच्याच वहीत आहे, ते आधी सांगतो.

वहीतील एक ओळ

२०२३-२४ च्या गळीत हंगामातील गोष्ट. डिसेंबर महिना होता. सकाळी गटात फिरत असता एका टोळीत एक कोयता कमी दिसला. मुकादमाला विचारले. तो म्हणाला, "बाई बाळंत झाली सायेब, लेकरू ऱ्हायलं न्हाई." आम्ही वहीत लिहिले, "एक कोयता कमी" आणि पुढच्या फडाकडे गाडी वळविली. गव्हाणीला ऊस कमी पडत होता, डोक्यात तेवढेच होते.

फेब्रुवारीत दुसऱ्या एका टोळीत तसाच प्रसंग आला. पहाटेची वेळ, कोपीत रात्री बाळ झालेले, दिवस भरायला महिनाभर अवकाश होता. बाळ दिसायला ठीक होते. वजन पुढे दवाखान्यात झाले ते २ किलो १०० ग्रॅम. पण दर श्वासाला ते "अंहं, अंहं" असा बारीक आवाज काढीत होते. टोळीतील म्हातारी म्हणाली, "आवाज करतंय म्हंजी दम हाय लेकरात." आम्हालाही ते पटले. आम्ही म्हणालो, "चहापाणी उरका, मग पाठवू दवाखान्यात." त्या गावच्या आशाताई योगायोगाने तेथे आल्या. त्यांनी दुपटे उघडून बाळाची छाती पाहिली आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, हा दम नाही, ही दमछाक आहे. गाडी आत्ता काढा."

गाडी काढली. बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधलेले, वर घोंगडी. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु विभागात ते बाळ तीन दिवस नाकात नळ्या घालून होते आणि बाराव्या दिवशी कोपीत परत आले.

त्या रात्री आम्ही डिसेंबरची वही काढून पाहिली. ती ओळ अजून तशीच आहे. डिसेंबरच्या बाळाचे काय झाले ते आम्हाला ठाऊक नाही, कारण आम्ही विचारलेच नाही. म्हणून हा लेख.

दिवस भरणे म्हणजे किती?

शेवटची पाळी ज्या दिवशी आली तेथून ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस, असा गर्भाचा हिशेब धरतात. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे बाळ. त्यातही ३४ ते ३७ आठवड्यांच्या मधले बाळ फसवे असते. अंगाने बऱ्यापैकी भरलेले, रडते, हातपाय हलविते. घरच्यांना वाटते, थोडे आधी झाले एवढेच. पण आतून ते कच्चेच असते. श्वासाची, अंगाच्या उबेची आणि रक्तातील साखरेची अशा तिन्ही बाबतीत ते मागे पडू शकते.

आपल्याकडे एक समज आहे की सातव्या महिन्याचे लेकरू जगते, आठव्याचे जगत नाही. हा समज साफ चुकीचा आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आठव्याचे बाळ सातव्यापेक्षा केव्हाही सरस. मात्र "आठव्याचे आहे, राहायचे नाही" असे म्हणून प्रयत्नच न करणे, हे त्या बाळाच्या जिवावर बेतते.

२०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळे दिवस भरण्याआधी जन्मली. जगातील अशा बाळांपैकी दर पाचातले एक आपल्या देशात जन्मते. तेव्हा ही गोष्ट फक्त कोपीतली नाही, माडीवरचीही आहे.

फुप्फुस कच्चे म्हणजे काय?

हे समजायला आपणा शेतकऱ्यांना जड नाही. उसाच्या किंवा कोबीच्या पानावर नुसते पाणी फवारले तर थेंब मोत्यासारखा गोळा होतो आणि घरंगळून जातो. त्याच पाण्यात स्टिकर घातले की थेंब पानावर पसरतो. पाण्याचा आपणहून गोळा होण्याचा जो ताण असतो, तो स्टिकर मोडते. या जातीच्या द्रव्याला सर्फॅक्टंट म्हणतात. औषधांच्या दुकानातील डब्यावर हा शब्द आपण वाचला असेल.

अगदी हेच काम करणारे द्रव्य निसर्ग बाळाच्या फुप्फुसात तयार करतो. फुप्फुस म्हणजे लाखो बारीक फुगे. त्यांची आतली बाजू ओलसर असते. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू जशा एकमेकींना चिकटतात, तसे हे फुगे श्वास सोडताच मिटू पाहतात. सर्फॅक्टंट असेल तर ते उघडे राहतात. नसेल तर प्रत्येक श्वास म्हणजे कोरा फुगा नव्याने फुगविणे. पहिली फुंकर किती जड जाते ते आपण जत्रेत अनुभवले आहे. हे द्रव्य पुरेसे तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. काही बाळांत त्याहून उशीर होतो.

दुसरी अडचण पाण्याची. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसात हवा नसते, द्रव भरलेला असतो. कळा सुरू झाल्या की बाळाचे शरीर तो द्रव शोषून घेऊ लागते. पाणी दिलेल्या रानाला वाफसा आल्यावरच मुळांना हवा मिळते, तसेच हे. दिवस कमी असले, किंवा कळा न येताच शस्त्रक्रियेने बाळ काढले, तर हा वाफसा उशिरा येतो. बाळ भराभर श्वास घेते. हा त्रास बहुधा एक ते तीन दिवसांत ओसरतो. पण तो साधा आहे की सर्फॅक्टंटच्या कमतरतेचा, की जंतुसंसर्गाचा, हे घरी बसून ओळखता येत नाही. ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

आणि तो "अंहं" आवाज? बाळ श्वास सोडताना घसा आवळून धरते, जेणेकरून थोडी हवा आत अडून राहावी आणि फुगे मिटू नयेत. एवढासा जीव आपल्या परीने फुप्फुस उघडे ठेवण्याची खटपट करीत असतो. म्हातारीला आणि आम्हाला जो दम वाटला, तो खरे तर मदतीसाठी मारलेली हाक होती.

एका राष्ट्राध्यक्षाचा मुलगा

७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. नाव पॅट्रिक. साडेपाच आठवडे आधी जन्मलेला, वजन सुमारे २ किलो १०० ग्रॅम. म्हणजे आमच्या फडातल्या बाळाएवढाच. त्याला हाच श्वासाचा विकार झाला. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात नेले, जादा दाबाच्या प्राणवायूच्या कोठीत ठेवले. जगातील सर्वांत बलाढ्य माणसाचा तो मुलगा ३९ तास जगला. कारण त्या काळी या विकारावर उपायच नव्हता.

विकाराचे मूळ मात्र तोवर सापडले होते. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या डॉक्टरांनी १९५९ साली दाखवून दिले होते की, या बाळांच्या फुप्फुसात ते सर्फॅक्टंट द्रव्यच नसते. उपाय त्यानंतर एकामागून एक आले.

मेंढ्यांनी शिकविलेला धडा

पहिला उपाय न्यूझीलंडमधून आला, तोही मेंढ्यांच्या गोठ्यातून. ऑकलंडचे डॉ. लिगिन्स बाळंतपणाच्या कळा कशाने सुरू होतात हे मेंढ्यांवर अभ्यासत होते. त्यासाठी त्यांनी एका जातीचे स्टिरॉइड वापरले. फार लवकर जन्मलेली कोकरे जगायला नको होती, पण काही कोकरे चक्क श्वास घेताना आढळली. औषधाने त्यांची फुप्फुसे वेळेआधी पक्व झाली होती. १९६९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे डॉ. हॉवी यांच्यासह २८२ मातांवर चाचणी घेऊन १९७२ साली निष्कर्ष मांडला. इंजेक्शन न दिलेल्या गटात शंभरात सुमारे २६ बाळांना श्वासाचा विकार झाला, दिलेल्या गटात ९ बाळांना.

सभासद बंधूंनो, पुढे काय झाले ते विस्तार खात्यातल्या माणसाला चटका लावणारे आहे. इतके स्वस्त, इतके साधे इंजेक्शन, पण अमेरिकेतील सरकारी आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने त्याची जोरदार शिफारस केली ती १९९४ साली. बावीस वर्षे गेली. संशोधन केंद्रातले वाण बांधावर यायला वेळ लागतो म्हणून आपण कुरकुरतो. येथे त्या उशिराची किंमत बाळांनी मोजली.

आपल्या देशात भारत सरकारने २०१४ साली सूचना काढल्या. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या तर मातेला डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची इंजेक्शने दर १२ तासांनी, अशी चार द्यायची. उपकेंद्राच्या परिचारिकेलाही पहिले इंजेक्शन देऊन मग मातेला मोठ्या दवाखान्यात पाठविता येते. म्हणून अवेळी पोटात दुखू लागले की "बघू सकाळी" म्हणू नये. बाळ जन्मण्याआधी इंजेक्शनला जितका अवधी मिळेल तितके बरे.

३४ आठवड्यांनंतरचे काय? अमेरिकेतील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१६ साली आला. ३४ ते ३७ आठवड्यांच्या मधल्या बाळांत इंजेक्शनामुळे श्वासाचा त्रास शंभरात १४ वरून १२ च्या आत आला, पण जन्मानंतर रक्तातील साखर कमी होण्याचे प्रमाण १५ वरून २४ वर गेले. म्हणजे फायदा आहे, तोटाही आहे. हा निर्णय मातेला तपासून डॉक्टरांनीच घ्यावा. आपण मागून घ्यायचे हे औषध नव्हे.

पाण्याची बाटली आणि बुडबुडे

दुसरा उपाय १९७१ सालचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. ग्रेगरी यांनी विचार केला की, बाळ घसा आवळून जे करू पाहते, तेच आपण यंत्राने करून द्यावे. अखंड हलका दाब देऊन हवा आत ठेवायची, म्हणजे फुगे मिटणार नाहीत. अत्यवस्थ अशा २० बाळांवर त्यांनी तो प्रयोग केला आणि त्यांतील १६ वाचली.

आम्ही जिल्हा रुग्णालयात हे यंत्र पाहिले. बाळाच्या नाकात दोन मऊ नळ्या, त्यांतून कोमट, दमट, प्राणवायू मिसळलेली हवा. नळीचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत सुमारे ५ सेंटिमीटर खोल बुडविलेले. जेवढे टोक पाण्यात, तेवढाच दाब बाळाच्या फुप्फुसात. बाटलीत बुडबुडे येत राहिले की दाब ठीक आहे असे समजायचे. विहिरीवरचा माणूस एका नजरेत ओळखील अशी ही युक्ती. अपुऱ्या दिवसांच्या, पण त्यातल्या त्यात उशिरा जन्मलेल्या बहुतेक बाळांना एवढ्यानेच उतार पडतो.

तरीही बाळ थकू लागले तर तिसरा उपाय, खुद्द सर्फॅक्टंटच श्वासनलिकेतून सोडणे. जपानच्या डॉ. फुजिवारा यांनी १९८० साली गाईच्या फुप्फुसापासून केलेले द्रव्य १० बाळांना देऊन त्याचा गुण दाखविला. आज जनावरांच्या फुप्फुसांपासून काढलेले हे औषध मोठ्या रुग्णालयांतून मिळते. अगदीच गरज पडली तर कृत्रिम श्वासाचे यंत्र असतेच.

प्राणवायूबाबत एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जास्त म्हणजे चांगला, असे येथे नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला बेसुमार प्राणवायू दिल्यास डोळे कायमचे जाऊ शकतात, हे १९५० च्या दशकातच सिद्ध झाले. म्हणून रक्तातील प्राणवायू मोजून, बेताने देतात. युरियाचे जसे, तसेच याचे.

घरी आणि फडात काय पाहावे

बाळ शांत असताना दुपटे बाजूला करून छातीकडे पाहावे आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. ४० ते ६० श्वास ठीक. पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी थांबू नये :

१. मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास. पुन्हा मोजूनही तेवढेच.
२. श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज.
३. श्वासागणिक बरगड्यांखाली किंवा छातीखाली खड्डा पडणे.
४. नाकपुड्या फुलणे.
५. ओठ, जीभ निळसर होणे, किंवा श्वास मध्येच २० सेकंद थांबणे.
६. बाळ मलूल पडणे, दूध ओढेनासे होणे, अंग गार लागणे.

नेताना बाळाचे अंग कोरडे करून, डोक्यास टोपडे घालून, आईच्या उघड्या छातीशी उभे धरावे. वरून कापड घ्यावे, पण नाक-तोंड झाकू नये. आई उठू शकत नसेल तर बापाची छातीही चालते. धापा टाकणाऱ्या बाळाला चमच्याने दूध, मध, गुटी, साखरपाणी काही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. शेगडीचा धूर करू नये. पहिल्या दिवशी अंघोळ घालू नये. १०८ किंवा १०२ क्रमांकास फोन करावा. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

छातीशी धरण्याला कांगारू पद्धत म्हणतात. ती कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास सुरू झाली. भारतासह पाच देशांत घेतलेल्या चाचणीत, जन्मानंतर लगेच छातीशी धरलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू चौथ्या हिश्श्याने कमी झाले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. यास पैसा लागत नाही, वीज लागत नाही.

आणि घरोघर जाऊन बाळ पाहण्याची रीत तर आपल्या महाराष्ट्रानेच घालून दिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केले, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली जगापुढे मांडले. आज आशाताई आपल्या दारी येतात त्या याच वाटेने. त्या आल्या की बाळ उघडून दाखवावे. "दृष्ट लागेल" म्हणून झाकून ठेवू नये.

लागण तारीख आणि मुहूर्त

आता जरा आमच्या सुशिक्षित सभासदांसाठी. लागण तारखेची नोंद चुकली की तोडणीचा कार्यक्रम चुकतो आणि अपक्व ऊस गव्हाणीत येतो, उतारा पडतो, हे आपणास पक्के ठाऊक आहे. मग घरातल्या सुनेच्या शेवटच्या पाळीची तारीख कोणी लिहून का ठेवीत नाही? आमच्याच चुलत घरी हे घडले. मुहूर्त काढला, तिथी पाहिली, शस्त्रक्रियेचा दिवस ठरविला, तारखेचा हिशेब मात्र अंदाजपंचे. बाळ ३६ आठवड्यांचे निघाले. पाच दिवस ते बुडबुड्यांच्या यंत्रावर होते. बाळ आज शाळेत जाते, पण त्या पाच दिवसांत पूर्ण एकराचे ऊसबिल संपले. मुहूर्त काढणारे आम्हीच होतो, दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

आई-बाळाच्या प्रकृतीस धोका असेल तर डॉक्टर लवकर बाळंतपण करतात. तेथे आडवे जाऊ नये. पण निव्वळ सोय किंवा मुहूर्त म्हणून ३९ आठवडे पुरे होण्याआधी शस्त्रक्रिया मागू नये. दिवस राहताच तारीख लिहावी, पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून ती पक्की करावी.

आम्ही काय करणार

या हंगामापासून आमच्या गटातील नोंदवहीत टोळीच्या नोंदीबरोबर एक रकाना आम्ही स्वतः वाढविला आहे : टोळीत कोणी गरोदर आहे काय, कितवा महिना, जवळची आशाताई कोण. शेतकी खात्याच्या इतर गटांतील सहकाऱ्यांनीही तसे करावे, अशी त्यांना विनंती आहे. ज्या सभासदाच्या फडावर टोळी उतरेल, त्यांनी कोपीत एकदा डोकावून विचारपूस करावी आणि अडीअडचणीला गाडी द्यावी. त्या बायका आपला ऊस तोडायला घरदार सोडून येतात. त्यांचे बाळ आपल्या बांधावर जन्मते, तेव्हा ते काही अंशी आपलेही असते.

ऊस एक पाळी चुकला तर खोडव्याला भरून निघतो. हे पीक तसे नाही. "एक कोयता कमी" अशी ओळ पुन्हा वहीत लिहिण्याआधी आम्ही गाडीतून उतरून कोपीपर्यंत चालत जाऊ, एवढे वचन आम्ही आमच्यापुरते दिले आहे. आपण सर्वांनी साथ द्यावी, ही विनंती.

पुढील अंकी पाचटाबद्दल बोलूच.

आपला,
ऊस विकास अधिकारी